अकरा वर्षांचं बटन

हर्षा सिस्टरने नळीचं पाकीट एका कोपऱ्याला धरून फाडलं आणि खाटेवरून बिसराम म्हणाला,

“थांबा बाई. फाटक बंद हाये.”

“कोणतं फाटक, बाबाजी?”

“आतलं. नळी घालाल तं फाटक फाटून जाईल.”

सिस्टरने हातमोजे चढवता चढवता खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं. एक होता टेकचंद, बिसरामचा भाचा. त्याच्याच पिकअपमध्ये धानाच्या रिकाम्या पोत्यांवर आडवं टाकून बिसरामला आमगावच्या या खासगी दवाखान्यात आणलं होतं. दुसरा बकाराम, बिसरामच्याच वयाचा, भिंतीला भिंत लागून राहणारा. तो रस्ताभर एक अक्षर बोलला नव्हता. टेकचंदला मात्र हसू आवरेना.

“मनावर घेऊ नका सिस्टर. आमचे मामाजी असेच बोलते. मागच्या महिन्यात यांनी देवरीच्या बसस्टँडवर वाघाले तंबाकू मळून दिली होती.”

“त्यानंच मांगतली,” बिसराम म्हणाला. सवयीने तोंडातून निघून गेलं, आणि लगेच आपली जीभ आपणच चावावी असं त्याला वाटलं.

सकाळी कापलेल्या धानातून फेरफटका मारताना शेताच्या दवाने ओल्या बांधावरून, धुऱ्यावरून, त्याचा पाय घसरला. खालच्या धानाच्या बांधीत पालथं पडताना त्याने दोन्ही हात टेकले आणि दोन्ही मनगटं एकदमच गेली. आता कोपरापासून बोटांच्या पेरापर्यंत पांढरं प्लास्टर होतं आणि त्यातून बाहेर आलेली बोटं भरिताच्या वांग्यांसारखी सुजली होती. सकाळपासून सलाइन थेंब थेंब आत जात होतं. बाहेर मात्र काही आलं नव्हतं. बेंबीखाली पोट ढोलकीसारखं ताणलं होतं.

“लघवी तुंबलीय बाबाजी तुमची,” सिस्टर समजुतीने म्हणाली. “सर ऑपरेशनमध्ये आहेत, दोन तास बाहेर येत नाहीत. नळी घातली की मोकळं वाटेल. या वयात होतं असं.”

“तुंबली नाई. बंद करून ठेवली हाये. पोटात पाण्याचा फुगा हाये. लघवीच्या रस्त्याले पट्टा गुंडाळला हाये. अन खालच्या पिशवीत बटन. बटन दाबलं का पट्ट्यातलं पाणी फुग्यात जाते, पट्टा ढिला होते, लघवी होते. दोन-तीन मिनटानं पट्टा आपोआप कसते. दाबाले मले हात नाई, एवढंच.”

ही वाक्यं त्याने आजवर शेकडो वेळा म्हटली होती. प्रत्येक वेळी ती संपण्याआधीच लोक मांड्यांवर थापा मारू लागत. आज पहिल्यांदाच कोणी नीट हसलंसुद्धा नाही. सिस्टरच्या ओठांना फक्त जरासा बाक आला.

खरं म्हणजे यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, ही सगळी चूक त्याची नव्हती. साडेबारा वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची प्रोस्टेटची गाठ काढली, जीव वाचला, पण गळती लागली. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत तो दीड वर्ष एकटा निजला. गावजेवण सुटलं, लग्नं सुटली. मग, अकरा वर्षांपूर्वी, त्याच डॉक्टरांनी आत हे यंत्र बसवलं आणि बिसराम कोरडा झाला. कोरड्या धोतराने तो गावात आला त्या दिवशी इतका हरखला होता की चुन्नीलालच्या किराणा दुकानासमोर उभं राहून त्याने जन्मात पहिल्यांदा, काहीही पदरचं न घालता, जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. कचारगडच्या गुहेत मोहफुलं खाऊन दंडार नाचणारं अस्वल ज्यांनी मुकाट्याने मान्य केलं होतं, ते लोक हे ऐकून हसून हसून रडले. बिसरामला आधी वाईट वाटलं. मग बरं वाटलं. इतकं हसवणारी थाप त्याला आधी कधी जमली नव्हती. पुढच्या वर्षी त्याने बटनाला रेल्वेची शिटी जोडली, त्याच्या पुढच्या वर्षी फुग्यात रामटेकच्या तलावाचं पाणी भरलं. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ सुरू व्हायला वेळ लागला की कोणीतरी म्हणायचंच, बिसराम, फुग्याचं सांग गा. कोणीतरी म्हणजे बहुधा बकाराम. आणि किस्सा संपला, सगळे पांगायला लागले की बकाराम तंबाखू चोळत एकच विचारायचा.

“चालते का गा बटन अजून?”

“फटाफट चालते.”

हे विचारणं म्हणजे किश्शाचं शेपूटच झालं होतं. लोक त्यालाही हसत.

“काही कागद आहे का याचा?” सिस्टरने विचारलं. “कार्ड वगैरे देतात ना.”

“हाये ना. रुख्मिणीच्या पेटीत. बायको माही. तिले जाऊन तीन सालं झाली, पेटी कोणी उघडलीच नाई.”

“मामाजी, पेटी आणाले जाऊन येऊन दोन घंटे लागन,” टेकचंद म्हणाला. “तोवर फुगा फुटन ना तुमचा.”

सिस्टरने दंडात दुखण्याचं इंजेक्शन दिलं, ट्रे स्टुलावर ठेवला आणि ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून शेजारच्या खोलीत गेली. पडदा हलला, थांबला.

इंजेक्शन चढू लागलं तसं वरचं पांढरं छत हळूहळू ओलं झालं. बिसराम गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या मातीच्या पाळीवर बसलेला होता. पाणी पायऱ्या चढत होतं. एकेक पायरी, घाई न करता, पाहुणा ओसरी चढतो तसं. पाळीपलीकडे खालच्या बांध्यांत सारसांची जोडी मान वर करून वाट पाहत उभी होती. तलावाचं दार कुठे आहे हे त्याला चांगलं माहीत होतं, पण हात उचलायला गेला तर हातांच्या जागी पांढऱ्या चुन्याचे दोन ओंडके. खालच्या पायरीवर रुख्मिणी कपडे आपटत होती. पाणी तिच्या घोट्याला लागलं तशी ती एक पायरी वर सरकली आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “कायले बसले असे? उघडा ना.” वरच्या पायरीवर कचारगडचं अस्वल बसलं होतं. त्याच्या शेजारी देवरीचा वाघ हातावर तंबाखू मळत होता. वाघ सांगत होता की एका गावात एक माणूस आहे, त्याच्या पोटात फुगा आणि खाली बटन. अस्वलाने पोट धरधरून हसून घेतलं आणि डोळे पुसत म्हटलं, “असं कुठं राहते का, बापा.”

पाणी अस्वलाच्या पायरीला लागलं तेव्हा बकारामचा आवाज आला. तो तलावावरून येत नव्हता. पडद्याजवळून येत होता.

“टेकचंद, जाय गा, चहा घेऊन ये. रेल्वे फाटकापलीकडची आण, इथली पाणचट राहते.”

“आता? काकाजी, सिस्टर येऊन राहिली.”

“म्हणूनच म्हणतो, जाय.”

टेकचंदच्या चपला वाजत दूर जाऊ लागल्या. त्या पुरत्या जायच्या आत सिस्टर आली, आणि बकाराम तिच्या आणि खाटेच्या मध्ये उभा राहिला. टोपी काढून हातात घेतलेली. असा तो फक्त तलाठ्यासमोर उभा राहत असे.

“सिस्टर, तो खरं सांगून राहिला.”

“तुम्ही पण काय काका.”

“नळी घालाचीच असल तं आधी पट्टा ढिला करून कुलूप लावा लागते. त्या बटनाच्या वरच्या अंगाले बारीक उठाव लागते बोटाले, ते कुलूप. ते न लावता नळी घातली तं आतला रस्ता फाटते, मंग सारंच काढा लागते. अन नळी ही नाई चालत. बारीक पाहिजे, बारा नंबरची. आधी तुमच्या सरले इचारा. नाई म्हणले तं मी बाजूले होतो.”

तो इतकं एका दमात कधी बोलत नसे. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, नळीच्या पाकिटावरचा आकडा पाहिला आणि ट्रे तसाच ठेवून झपझप गेली. परत आली तेव्हा तिने हातमोजे काढलेले होते.

“सर म्हणाले, नळीला हात लावू नका,” ती हळू म्हणाली. “असं यंत्र असतं म्हणाले. पण त्यांनी पण फक्त पुस्तकात पाहिलंय. आधी दाबून बघा म्हणाले. काका, दाबायचं कसं?”

बकारामने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले, दोनदा. सिस्टरने लघवीचं भांडं लावलं आणि तोंड खिडकीकडे केलं. बिसरामने डोळे मिटून घेतले. साठ वर्षं ज्याच्यासोबत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी घेतलं, त्याच्या हाताचा खरखरीतपणा त्याला ओळखीचा होता. पण तो हात इतका सांभाळून चालू शकतो हे माहीत नव्हतं. अंगठा आणि दोन बोटं. एकदा दाबलं. थांबला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा.

आधी काहीच झालं नाही. मग पाळीचं दार उघडावं तसं झालं. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरताना जो आवाज करतं, तो आवाज भांड्यात सुरू झाला आणि कितीतरी वेळ थांबेना. अस्वल पायरीवरून उठून गेलं. रुख्मिणीने कपडे पिळले. सारसांनी मान खाली घातली.

“बापरे,” खिडकीकडे पाहतच सिस्टर म्हणाली.

ती भांडं घेऊन गेली. बिसरामची नजर छतावर, बकारामची स्वतःच्या हातांवर.

“बकाराम.”

“हं.”

“कुलपाचं म्या कधीच कोणाले सांगितलं नाई. किश्शात कुलूप नाई. मले आवडलंच नाई ते, मजा निघून जाते.”

बकारामने टोपी घातली. पुन्हा काढली.

“गेलो होतो मी,” तो म्हणाला. “तुह्याच डॉक्टरकडे. आठ सालं झाली. घरी नंदाबाईले म्हटलं डोळे दाखवाले जातो.”

“तुले?”

“रायपूरले गाठ काढली ना माही, तवापासून.” त्याने धोतराकडे बोट केलं नाही, फक्त मान हलवली. “डॉक्टरनं रबराचा नमुना हातात दिला. अर्धा घंटा दाबत बसलो. चांगला माणूस हाये. सारं समजावून सांगितलं, कुलूप, नळी, सारं. म्हणे, कोणाचं पाच वर्षं चालते, कोणाचं दहा, कोणाचं पंधरा. रबर हाये, कधी ना कधी बिघडते, मंग परत चिरा लागते.”

“मंग काऊन नाई केलं?”

“म्हटलं, पाहू. तुहं किती टिकते ते पाहून करू.”

आठ मंडया त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. लोक पांगतायत, दंडारीची ढोलकी तापतेय, आणि हा तंबाखू चोळत विचारतोय. दर वर्षी त्याने उत्तर फेकलं होतं, हसण्यावारी. फटाफट चालते. बकाराम मंडईत सगळ्यांच्या मागे, उघड्या वाऱ्याला का बसतो, कोणाच्या सतरंजीवर का टेकत नाही, स्वतःच्या पोरीच्या लग्नात मांडवाबाहेरच का उभा होता, यावर बिसरामने स्वतः दोन किस्से रचले होते. दोन्हींत तो गर्विष्ठ होता.

“तू मले एकदा एकट्यात इचारतास,” तो शेवटी म्हणाला.

“तू खरं सांगतास?”

चहा घेऊन टेकचंद आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिसरामची खाट अंगणात उन्हात होती आणि खाटेभोवती अर्धं गाव होतं. टेकचंदने रातोरात बातमी फिरवली होती. नळी, फाटक, घाबरलेली सिस्टर, आणि मध्ये पडलेला बकाराम. टेकचंदची बायको नीतू चहाचं दुसरं आधण ठेवत होती. बकाराम कुडाला टेकून, सगळ्यांपासून चार हात लांब, दुमडलेल्या बारदान्यावर, रिकाम्या पोत्यावर, बसला होता.

“म्हणजे खरंच हाये का गा बटन?” चुन्नीलालने विचारलं. तो दुकान पोराच्या हवाली करून आला होता. उधारी वसूल करतानाचा त्याचा आवाज लागला होता. “अन बकारामले कसं माहीत? टेकचंद म्हणते, जाता जाता त्यानं आयकलं, हा कुलूप-कुलूप म्हणून राहिला होता. कुलूप तं तुह्या किश्शात नव्हतं.”

लोकांच्या माना एकेक करून कुडाकडे वळल्या. बकारामने बारदान्याची कड मुठीत धरली.

बिसरामने ते पाहिलं. आपली दोन्ही पांढरी मनगटं त्याने सावकाश छातीवर ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा साऱ्या गावाचे कान त्याच्या खऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार होऊन बसले होते. नुसतं ‘हाव’ म्हणायचं होतं. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नव्हतं.

“कायचं बटन,” तो म्हणाला. “लघवी तुंबली होती, बाकी काई नाई. सिस्टर म्हणजे कालची पोट्टी. तिले म्या अशा तोंडानं सांगितलं का तिचे हातच कापाले लागले. अन हा बकाराम. अरे, हा एकटा माणूस निंघाला पुऱ्या गावात, ज्यानं अकरा सालं माही थाप खरी मानली. टोपी काढून उभा राहिला तिच्यासमोर. सारा किस्सा पाठ म्हणून दाखवला, शिटीसकट. तिनं भिऊन पाण्याचा नळ सोडला, अन त्या आवाजानंच मले झाली.”

“अन कुलूप?”

“कुलूप मागच्या मंडईले टाकलं म्या. तू तवा भजे खायाले गेला होता.”

“मी? मी कुठं—”

“पंधरातले बारा भजे एकटा खाल्लास. घरी तीनच नेले.”

हशा पिकला. हातातली कपबशी सांडेपर्यंत लोक हसले. चुन्नीलालच्या भज्यांना हसले, सिस्टरला हसले, पण सगळ्यांत जास्त बकारामला हसले. सुमित्राबाई म्हातारी तर काठी टेकत त्याच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, “पोटात फुगा राहते का रे भोळ्या?” बकारामने मान खाली घातली. तो लाजला असं सगळ्यांना वाटलं.

ऊन कुडावरून खाली उतरलं तसं अंगण रिकामं झालं. नीतू कपबशा गोळा करून विहिरीवर गेली. दवाखान्यात सांगितलं होतं, दर तीन तासांनी. बकारामने खाट ओढून आडोशाला घेतली, हात धुऊन आला आणि काहीही न बोलता आपलं काम केलं. आता त्याला सवय झाली होती. तीन दाब, मध्ये थांबणं. भांड्यात पाणी उतरत राहिलं. कुंपणावर एक पोपट काहीतरी आठवत बसला होता.

“साऱ्या लोकाईसमोर बेवकूफ बनवलं मले,” बकाराम म्हणाला.

“हाव.”

“बरं केलं.”

त्याने भांडं रिकामं केलं, विसळलं, पालथं घातलं. मग खाटेच्या बाजूच्या लाकडी गातावर, अगदी कडेला, टेकला. बारदाना आधी अंथरला, मग टेकला.

“बिसराम, एक इचारतो. मंडईतलं नोको सांगू.”

“इचार.”

“चालते का?”

‘फटाफट’ हा शब्द जिभेवर आलाच होता. वर्षानुवर्षं तोच तिथे बसलेला, त्याला उठवायलाही वेळ लागला. बिसराम आभाळाकडे पाहत राहिला. आता खरं सांगितलं तर हा माणूस बारदाना उचलेल आणि परत भिंतीपलीकडे जाऊन बसेल. खोटं सांगितलं तर जाईल नागपूरला, आणि ते खोटं आयुष्यभर पोटात घेऊन फिरेल.

“या पावसाळ्यापासून गळते,” तो म्हणाला. “पह्यल्यासारखं नाई राह्यलं. डॉक्टरले फोनवर इचारलं. तो म्हणे, रबर म्हातारं झालं असल. जास्त झालं तं परत चिरून नवीन बसवा लागल.”

पोपट उडून गेला.

“गळते म्हणजे किती?”

“खोकललो का दोन थेंब.”

“किती?”

“दोन. मोठा खोकला असला तं तीन.”

बकारामने त्याच्याकडे तोंड वळवलं. बिसरामने आयुष्यभर अनेक चेहरे थक्क केले होते. वाघाने, अस्वलाने, आमगाव स्टेशनात पुराच्या पाण्यातून तिकीट काढायला आलेल्या मासोळीने. पण असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

“अकरा सालानंतर,” बकाराम म्हणाला, “दोनच?”

तो उठला. बारदाना उचलून त्याने ओली बाजू आत घेत नीट चौपट घडी घातली, जशी घडी तो रोज चार वेळा घालत असावा. ती काखेत मारली आणि दोन पावलं जाऊन थांबला.

“नागपूरची सकाळची गाडी आता किती वाजता राहते गा?”